ढब्बूभर शाई

दरवर्षी १ जानेवारीला मी रोजनिशी सुरू करतो. ३ तारखेपासून तीत इस्त्रीचा हिशेब असतो.

यंदा अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी पाहिली. सुमारे ४० फूट लांब कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलेलं! पंतांना म्हणे रोज ढब्बू पैशाची शाई लागे. आमची शाई संपत नाही, वाळते.

“पण बँकेत कॅश जुळल्याशिवाय मी कधी उठलोय?” मी हिला म्हणालो.

“तिथं साहेब असतात. घरी कोण आहे?”

मी तिच्याकडे पाहिलं.

“मला नका सांगू हं!”

मग बँकेचाच नियम घरी लावला: चार ओळी झाल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. आज १९वा दिवस. दारात इस्त्रीवाला उभा आहे. हिशेब कुठंच लिहिलेला नाही!