‘सोलापूर, प्रतिनिधी’चा अर्ज

जिल्हा आवृत्तीत काम करणाऱ्याचं नाव छापून येत नाही. बातमीवर ‘सोलापूर, प्रतिनिधी’ एवढंच. एरवी त्याचं काही वाटत नाही. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांत मास कम्युनिकेशनच्या एम.ए.साठी अर्ज भरू लागलो, तेव्हा ‘लेखनाचे नमुने जोडा’ या ओळीशी अडलो. उजनीच्या आवर्तनाची, कुंभारीच्या विडी घरकुलांची बातमी माझीच, याला पुरावा काय? शेवटी संपादकांकडून लेटरहेडवर तसं लिहून घेतलं आणि बातम्यांची इंग्रजी भाषांतरं करत बसलो.

तिकडे या विषयाची दोन घराणी आहेत. एक बातमीदारी शिकवणारं: मिसुरीचं 1908 चं स्कूल, पुलित्झरच्या देणगीतून 1912 साली सुरू झालेलं कोलंबियाचं. दुसरं संशोधनाचं. विल्बर श्रॅमने आधी आयोवात, मग इलिनॉयमध्ये ते रुजवलं. बातमी कशी लिहावी यापेक्षा ती वाचून लोकांचं काय होतं, हे तिथे तपासतात. ‘सकाळ’ काढणारे नानासाहेब परुळेकर कोलंबियात शिकले, म्हणून ऑफिसात सगळ्यांनी तेच नाव सुचवलं. पण बातमीदारी मला पंढरपूरच्या वारीने फुकटात शिकवली होती. तिच्यासाठी डॉलर मोजायची इच्छा नव्हती. शिवाय फी माफ करून वर दरमहा खर्चाला पैसे देणारी असिस्टंटशिप मिळायची शक्यता संशोधनाच्या बाजूलाच जास्त. काही विद्यापीठांना पदवी चार वर्षांची लागते आणि माझं बी.ए. तीन वर्षांचं, त्यामुळे प्रत्येक विभागाला आधी मेल टाकून विचारलं.

मग स्टेटमेंट ऑफ पर्पज. त्याचे नमुने ढिगाने सापडतात आणि निम्म्यांत तरी लहानपणी आजोबांना पेपर वाचून दाखवणारा मुलगा असतो. माझेही आजोबा पेपर वाचायचे, पण मी त्यांना वगळलं आणि पाण्याबद्दल लिहिलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कोणत्या भागाला कधी, याचं वेळापत्रक आमच्या अंकात यायच्या आत व्हॉट्सॲपवर फिरायचं, बरेचदा चुकीचं. लोक त्यावर हंडे मांडायचे, पाणी आलं नाही की फोन करून आम्हालाच झापायचे. फसवणाऱ्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी पुन्हा विश्वास कसा बसतो, हा माझा प्रश्न होता. मला अजूनही वाटतं की अर्जात वाचण्यासारखं तेवढंच होतं.

खरी कसरत शिफारसपत्रांची. “अरे, तू लिहून आण, मी सही ठोकतो,” कॉलेजातले सर म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता, आपल्याकडे पद्धतच तशी. पण तिकडची लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या मेलवर येते आणि सरांचा मेल त्यांचा मुलगा पुण्यातून बघायचा. त्याला फोन करून पासवर्ड मिळवला, स्पॅममधून लिंक काढली, सरांसमोर लॅपटॉप उघडला. मी मजकूर पुढे केला, तर सरांनी तो न वाचताच घडी घालून खिशात ठेवला आणि मला बाहेरच्या खोलीत पिटाळलं. “तुझ्यासमोर तुझ्याबद्दल काय लिहू?” काकूंनी चहा दिला, मग पोहे, मग पुन्हा चहा. आतून एका बोटाने चाललेल्या टायपिंगचा आवाज येत होता. काय लिहिलं, ते मला ठाऊक नाही. पत्र पाहण्याचा हक्क सोडतो, अशी खूण अर्जात मीच केली होती.

एका राज्य विद्यापीठाने असिस्टंटशिपसह बोलावलं. पदवीच्या मुलांचे बातमीलेखनाचे पेपर तपासायचे, बदल्यात फी माफ.

यंदा अर्ज करणार असाल, तर बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात हे धरून सप्टेंबरातच सरांचं दार वाजवा. आणि असिस्टंटशिप मिळाली नाही, तर निव्वळ कर्जावर संशोधनाचं एम.ए. करायला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.