नेमप्लेटच्या पुढे...

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मित्रांनो, ओव्हरक्लॉकिंग म्हणजे आहे त्याच अंथरुणात पाय जरा जास्त पसरणं!

प्रोसेसरवर छापलेला वेग ही त्याची शेवटची मर्यादा नसते. एकाच वेफरवरच्या सगळ्या चिप्स सारख्या निघत नाहीत. म्हणून कंपनी चाचणी घेते आणि उन्हाळा, धूळ सगळं धरून थोडं हातचं राखून वेग ठरवते. ते राखलेलं वापरायचं, एवढाच हा खेळ. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा मल्टिप्लायर ४.५ ला कुलूपबंद होता. पण बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा! खिसा रिकामा असलेल्यांची तेव्हा चंगळ झाली.

खिशाच्या बाबतीत मीही त्यांच्याच पंगतीतला. माझ्याकडे २०११ चा कोअर आय-फाइव्ह २५००के आहे, तोही सेकंडहँड. ह्याचा मल्टिप्लायर मात्र खुला. तो ३३ वरून ४२ केला, व्होल्टेज १.२ वरून १.३ केलं आणि ३.३ गिगाहर्ट्झचे ४.२ झाले. पुण्याच्या थंडीत रात्रभर प्राइम९५ चालवलं, एकदाही हँग नाही. तापमान ६५ अंश. महागड्या लॅपटॉपवाल्यांसमोर आपली कॉलर ताठ!

मे महिन्यात मशीन घरी अकोल्याला नेलं. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी मोठ्या रुबाबात सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "वेग किती वाढला?"

"सत्तावीस टक्के."

"आणि गरमी?"

हिशोब सोपा होता. सीमॉसमध्ये स्विचिंगची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. गुणाकार केला, जवळपास दीडपट!

बाबा हातातलं कॉइल गुंडाळत म्हणाले, "अरे, मोटार लोडनं नाही जळत, गरमीनं जळते. जानेवारीत चालली म्हणजे मेमध्ये चालेलच असं नाही."

आमच्या खोलीत तेव्हा ४२ अंश होते. खोली जेवढी तापते, साधारण तेवढाच चिपचाही पारा चढतो. म्हणजे ६५ चे ८७. शिवाय घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट त्याच्यावर आणि धाकट्या बहिणीची बारावीची लेक्चर्सही त्याच्यावरच. त्याच संध्याकाळी बायोसमध्ये जाऊन ४२ चे पुन्हा ३३ केले. वाईट वाटलं नाही. कारण कंपनीनं राखलेला तो भाग वाया गेलेला नव्हता, तो आमच्या अकोल्याच्या मे महिन्यासाठीच तर होता!

आपण उद्या इंजिनिअर होऊ, तेव्हा असेच आकडे ठरवू. पुलाचे, बॉयलरचे, मोटारीचे. हातचं राखलेलं बघून कुणीतरी म्हणेल, "इतकं कशाला? थोडं वापरू की!" जरूर वापरावं. फक्त ते कुणासाठी राखलंय, हे आधी विचारावं.

असो! थंडी पडली की ४२ आहेच!