शब्द ऐकू येतात का?

जुनी भीमगीतं भारी की आजची डीजेवरची, यावर आम्हा टेमघरच्या पोरांचा दर 14 एप्रिलला वाद होतो. आम्हाला वाटतं, प्रश्नच चुकतोय. वामनदादा कर्डक (1922-2004) गावोगाव गायले ते बाबासाहेबांचा विचार पोहोचवायला. 1997 साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. शाहिरी ही करमणूक नव्हती.

मग नवं सगळं टाकाऊ? अजिबात नाही. शीतल साठे आजही गाण्यातून व्यवस्थेला जाब विचारतात. तमिळ रॅपर अरिवू जातीवर थेट बोट ठेवतो.

कसोटी एकच: शब्द ऐकू येतात का? डीजेच्या दणदणाटात बाबासाहेबांचं फक्त नाव उरत असेल, तर आपण नुसतेच नाचतोय. मित्रांनो, यंदा मिरवणुकीत आवाज कमी करू, विचार वाढवू. जय भीम!