पुलगावची माझदा आणि मुक्तागिरीची वाट

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या आमच्या गावाच्या नावातच पूल आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्यासाठी या नदीवर पूल झाला आणि त्याच्या आधाराने पुलगावची बाजारपेठ वाढली. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती; दोन्हीकडे काळी जमीन आणि कापूस. पुढे येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापडगिरणी आली, आर्वीपर्यंत अरुंद मापाची सुमारे ३५ किलोमीटरची रेल्वे आली आणि लष्कराचे दारूगोळा भांडारही आले. गिरणीचा भोंगा आता वाजत नाही, आर्वीची छोटी गाडीही बंद झाली. तरी अडत दुकानांची ओळ अद्याप टिकून आहे, आणि त्या ओळीतील एका वखारीत आमची जुनी माझदा अकरा वर्षे उभी होती.

आजच्या तरुण व्यापाऱ्यांना या गाड्यांचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. पूर्वी शेतमालासाठी एक तर बैलगाडी होती किंवा मोठा ट्रक. खेड्यातील चाळीस-पन्नास पोती उचलायला मोठा ट्रक परवडत नसे. १९८०च्या दशकात सरकारने हलक्या मालवाहू गाड्यांसाठी जपानी सहकार्यास परवानगी दिली आणि चार जोड्या जमल्या: उत्तर प्रदेशात सूरजपूरला डीसीएम-टोयोटा, आंध्रात झहीराबादला ऑल्विन-निसान, पंजाबात स्वराज-माझदा आणि मध्य प्रदेशात पिथमपूरला आयशर-मित्सुबिशी. इंजिनावर बसवलेली चपट्या तोंडाची केबिन, हलके स्टिअरिंग आणि बेताचे डिझेल यांमुळे या गाड्यांचे मोठे कौतुक झाले.

परंतु व्यापारात केवळ माल उत्तम असून भागत नाही. या गाड्यांचे बरेच भाग जपानहून येत. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचा चलनविषयक करार झाला आणि येन झपाट्याने महाग होत गेला. त्यासरशी सुट्या भागांच्या किमती चढल्या. १९८६ मध्ये टाटांची ४०७ बाजारात उतरली आणि तिने विदर्भातील गावेच्या गावे जिंकली. पुढे टोयोटाची जागा कोरियाच्या देवूने घेतली आणि ऑल्विनची गाडी महिंद्रांकडे गेली. आयशर टिकली, स्वराज-माझदाही टिकली. २०११ मध्ये या कंपनीचे नाव एसएमएल इसुझू झाले, तरी आमच्याकडे लोक अजून ‘माझदा’च म्हणतात. कंपनी चालू राहिल्याने सुटे भाग मिळत राहिले, आणि आमच्या गाडीच्या नशिबात त्याचा मोठा वाटा आहे.

आमच्या बाबांनी ही गाडी १९९१ मध्ये घेतली. सरकी, ढेप, तूर, हरभरा असे सर्व काही तिने वाहिले. बाबांच्या पश्चात तिघा भावांची वाटणी झाली. दुकान थोरल्या दादांकडे राहिले, मी वर्ध्याला आणि धाकटा अमरावतीला स्थिरावला. घर, शेत, दागिने, येणी-देणी सर्व शांतपणे वाटले गेले. गाडी मात्र सामाईक राहिली. धाकट्याचे म्हणणे भंगारात द्यावी. दादांचे म्हणणे, बाबांची आहे, राहू द्यावी. प्रतिवर्षी क्षमावाणीला आम्ही एकमेकांना हात जोडून क्षमा मागत होतो, परंतु वखारीचे दार उघडले की विषय बदलत होतो.

तो अबोला एका व्रतामुळे मोडला. दादांनी परिग्रहपरिमाण व्रत घेताना वाहनांची संख्याही लिहून ठेवली होती. दुकानासाठी नवी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा ती मर्यादा आड आली. एक तर जुनी गाडी सोडायची, नाही तर तीच चालती करायची. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिवाहन’ आणि ‘अतिभारवहन’ हे दोन आहेत: लोभाने जनावराला त्याच्या शक्तीपलीकडे हाकणे आणि शक्तीपलीकडे लादणे. मालाची ने-आण हाच ज्यांचा धंदा, त्या श्रावकांना उद्देशून शेकडो वर्षांपूर्वी हे किती नेमके सांगितले आहे! बैल गेले, इंजिन आले. लोभ मात्र तोच आहे. नाही तर ओव्हरलोड शब्द आपल्या घराघरांत इतका रुळला नसता.

उन्हाळ्यात मिस्त्रीला बोलावले. पहिल्याच दिवशी काम थांबले, कारण केबिनमागच्या खोबणीत साळुंकीचे घरटे होते आणि त्यात पिले होती. पिले उडेपर्यंत हात लावायचा नाही, असे दादांनी सांगितले. तीन आठवडे गेले. मिस्त्री मुसलमान होता. त्याने रोज सायंकाळी येऊन पिलांची चौकशी केली आणि घरटे रिकामे झाल्यावरच पाना उचलला.

उभ्या गाडीचे दुखणे चालत्या गाडीहून निराळे असते. डिझेलच्या टाकीत गाळ साचला होता. ती उतरवून धुतली. नोझल काढून चारही सिलिंडरांत थोडे तेल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि मग स्टार्टरऐवजी पान्याने हातानेच इंजिन फिरवले. अडकलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवले तर आतले भाग दुखावतात. डिझेल पंप आणि नोझल त्या कामाच्या खास दुकानात गेले. ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजले होते, ते बदलले. क्लच प्लेट चिकटली होती, ती मोकळी केली. कमानपाटे उतरवून साफ केले. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग नवी टाकली. टायर दिसायला चांगले होते, तरी बदलले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते, हे ज्यांच्या घरी जुनी गाडी उभी आहे त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

कागदांचे काम यंत्राहून कठीण होते. गाडी बाबांच्या नावावर होती. मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो आणि अन्य वारसांची संमती जोडावी लागते. दादांच्या नावावर गाडी करण्यास मी संमती दिली. धाकट्याने अमरावतीहून येऊन सही केली, आणि सही करून तो वखारीत गेला. बराच वेळ तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याला गाडी चालवायला बाबांनी याच आसनावर शिकवले होते. नंतर थकीत कर, विमा, पासिंग असे एकेक होत गेले. आठ वर्षांहून जुन्या मालगाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, त्यामुळे ही परीक्षा दरसाल आहे.

पहिली फेरी मुक्तागिरीची ठरली. लहानपणी आम्ही बाबांसोबत हौद्यात सतरंजी अंथरून, पाच-सात कुटुंबांसह तिकडे जात असू. आता मालगाडीच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. केबिनमध्ये चालकासह तिघांची जागा. भोजनशाळेसाठी गहू आणि तूरडाळ भरली, धरमकाट्यावर वजन केले; परवान्यातील भाराच्या निम्म्याहून कमीच भरले. मार्गशीर्षातील थंडी होती, तरी सूर्योदय झाल्यावरच निघालो. रात्री दिव्यांवर किडे येऊन आदळतात, ते टाळता येते.

समृद्धी महामार्ग जवळून जातो, पण आम्ही जुनी वाट धरली. वर्धा नदी ओलांडून धामणगाव, तेथून चांदूर रेल्वे, मग पोहऱ्याच्या जंगलातून अमरावती. ताशी पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून येणाऱ्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या. दर तासाला थांबून चाकांच्या हबवर हात ठेवून ऊब पाहायची, रेडिएटरच्या पायपांवर नजर टाकायची, हे धाकट्याने आपण होऊन अंगावर घेतले. ईर्यासमिती ही मुनींची चर्या. पण रस्ता पाहत, जीव वाचवत, घाई न करता जाण्याचा थोडा सराव जुनी गाडी श्रावकाकडूनही करवून घेते.

अमरावतीनंतर वलगाव, आसेगावजवळ पूर्णा नदी, मग परतवाडा. संत्र्यांनी लगडलेल्या बागा दोन्ही बाजूंना लागल्या आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. “दादा, येथे बाबा थांबून संत्री घेत,” असे धाकटा म्हणाला. दादा म्हणाले, “घे थांबवून.” परतवाड्यापुढे खरपीमार्गे मुक्तागिरी. महाराष्ट्राची सीमा संपते आणि मध्य प्रदेशातील बैतूल जिल्हा सुरू होतो. शेवटचा चढ माझदाने दुसऱ्या गिअरमध्ये, न कुरकुरता पार केला.

मुक्तागिरी हे आपले सिद्धक्षेत्र. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले अशी श्रद्धा आहे. वरून कोसळलेल्या मरणोन्मुख मेंढ्याला ध्यानस्थ मुनींनी णमोकार मंत्र ऐकवला आणि तो देवगतीस गेला, अशी कथा आहे. म्हणून हा मेंढागिरी. डोंगरात ५२ जिनमंदिरे आहेत, मधून धबधबा वाहतो. हिवाळ्यात त्याची धार बारीक असते, पण तिचा आवाज पायऱ्यांवर सोबत करतो. पोती उतरवून, अनवाणी पायांनी आम्ही वर गेलो. दादांना गुडघ्यांमुळे वेळ लागला. आम्ही दोघे त्यांच्या मागे चाललो. सूर्यास्तापूर्वी खाली येऊन भोजन केले आणि रात्री धर्मशाळेत राहिलो.

त्या रात्री गाडीचे पुढे काय, हे ठरले. गाडी दुकानाच्या कामी येईल. फावल्या दिवशी गोरक्षणाचा चारा आणेल. खर्चाचे तीन समान भाग होतील. भार परवान्याइतकाच आणि रात्रीचा प्रवास नाही. ज्या वर्षी ती पासिंगमध्ये उतरणार नाही, त्या वर्षी तिघांनी मिळून तिला अधिकृत भंगार केंद्रात पोहोचवायचे आणि त्यावर पुन्हा चर्चा करायची नाही. ही शेवटची अट दादांनी स्वतःच घातली.

परतल्यावर दुकानाच्या खातेवहीत ‘माझदा’ या नावाने नवे पान उघडले आहे. पहिली नोंद डिझेलची आहे, दुसरी परतवाड्याच्या संत्र्यांची.