दसरा चौक ते फर्ग्युसन रस्ता

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की कोल्हापूर-पुणे महामार्गावर एक वेगळी वर्दळ सुरू होते. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, निपाणी येथील व्यापारी कुटुंबे भल्या पहाटे मोटारीने निघतात. मागच्या आसनावर गुणपत्रिकांच्या प्रतींची फाईल असते, पुढे दशम्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. दुकान त्या दिवसापुरते धाकट्या भावाच्या हवाली केलेले असते आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकेल अशा बेताने परतीची वेळ ठरते. कोल्हापूरपासून पुणे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. बहुतेक मोटारी वाटेत पाणी पिण्यापुरत्या थांबतात आणि थेट पुण्यात जाऊन उभ्या राहतात. मुलामुलींच्या महाविद्यालयांच्या यादीत ज्यांना मानाचे स्थान मिळावे अशी कितीतरी नावे याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. मोटारीच्या वेगात ती मागे पडतात.

या वाटेचा आरंभ खरे तर कोल्हापूरच्या दसरा चौकातून व्हावा. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या शहरात विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी असे म्हटले जाऊ लागले. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातील शेतकऱ्याचा वा वाण्याचा मुलगा शिकायला शहरात आला तर तो राहील कोठे आणि जेवेल काय, हा प्रश्न त्या पिढीने सर्वांत आधी सोडवला. कुंभोजचे भाऊराव पाटील याच बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे कर्मवीर झाले. आजची कुटुंबे उलट क्रमाने विचार करतात. आधी महाविद्यालयाचे नाव, मग शाखा, मग शुल्क आणि सर्वांत शेवटी राहण्याजेवणाचा खर्च. तोवर प्रवेश निश्चित झालेला असतो.

महामार्गाला लागण्याआधी जयसिंगपूरमार्गे सांगलीचे वळण घेतले तर अर्धा दिवस सार्थकी लागतो. सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबागेत १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आहे. जवळच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि पुढे सोलापूरच्या जैन उद्योजक घराण्यातील वालचंद हिराचंद यांचे नाव त्याला मिळाले. शासनाच्या अनुदानामुळे येथील अनुदानित जागांचे शुल्क खासगी विनाअनुदानित संस्थांच्या मानाने बरेच कमी. अर्थात त्या जागांसाठी चढाओढही तशीच. पुण्यातील एखाद्या मध्यम महाविद्यालयासाठी घर सोडण्यास तयार असलेल्या मुलाला वालचंदमध्ये पर्सेंटाइलअभावी जागा मिळत नाही, असे अनेकदा घडते. ‘जवळचे म्हणजे सोपे’ हा समज या फाटकापाशीच गळून पडतो.

यादीचा अभ्यास येथपासून सुरू करावा. सीईटीचा पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ही साधी गोष्टही अनेक घरांत निकालानंतर कळते. ९२ पर्सेंटाइल म्हणजे त्या परीक्षेतील सुमारे ९२ टक्के विद्यार्थी त्या मुलाच्या बरोबरीने वा त्याच्या मागे आहेत. पण जे पुढे आहेत त्यांची संख्याच हजारोंत असते. सीईटी कक्ष दरवर्षी प्रत्येक फेरीचे कटऑफ प्रसिद्ध करतो. त्यात महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्ग यांनुसार शेवटच्या विद्यार्थ्याचा पर्सेंटाइल दिलेला असतो. प्रवर्गाच्या संकेताच्या शेवटी गृह विद्यापीठ, अन्य विद्यापीठ किंवा राज्यस्तर दर्शविणारे अक्षर असते. शेजाऱ्याच्या मुलाला जो आकडा पुरला तो आपल्या मुलाला का पुरला नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या एका अक्षरात दडलेले असते. गेल्या वर्षीच्या आकड्यांपुढे मुलाचा पर्सेंटाइल मांडला की यादीचे तीन भाग आपोआप पडतात. काही जागा हाताच्या थोड्या वर, काही बरोबरीच्या, काही हमखास मिळतील अशा. हमखास भागाकडे कुटुंबे कमालीचे दुर्लक्ष करतात. तेथे कशीबशी चार नावे भरली जातात, आणि जेथे मुलाला पाऊलही ठेवायचे नाही असेच एखादे नाव शेवटी पदरी येते.

सांगलीहून आष्टा मागे टाकून इस्लामपूरला आले की राजारामनगरला १९८३ साली सुरू झालेली राजारामबापू तंत्रज्ञान संस्था लागते. ऊसपट्ट्यात वसलेली ही खासगी, स्वायत्त संस्था. पेठ नाक्यावर महामार्ग गाठून पुढे गेले की कऱ्हाड येते. कृष्णा आणि कोयना यांचा प्रीतिसंगम पाहायला लोक आवर्जून जातात; १९६० साली स्थापन झालेले येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय पाहायला फार थोडे वळतात. एकाच दिवसात अनुदानित, खासगी आणि शासकीय असे तीन प्रकार पाहून होतात. प्रयोगशाळेला कुलूप आहे की मुले काम करीत आहेत, वसतिगृहाच्या भोजनगृहात कंदमुळांविना भाजी आणि सायंकाळचे लवकर जेवण मिळेल का, हे तेथे उभे राहूनच कळते.

खर्चाचा विषय मात्र मोटारीतच निघायला हवा, आणि तो निघत नाही. ज्या गृहस्थाने आयुष्यभर गिऱ्हाइकाला भाव स्पष्ट सांगितला तोच मुलाला म्हणतो, ‘पैशाची काळजी तू करू नकोस.’ त्यात माया आहे, थोडा अभिमानही आहे. मुलगा ते शब्दशः खरे धरतो आणि यादी त्या हिशेबाने भरतो. दुसऱ्या वर्षी बाजार मंदावतो, बँकेतील कॅश क्रेडिटची मर्यादा संपते. मग ओढाताण कोणाच्या वाट्याला येते? बहुधा धाकट्या बहिणीच्या. तिची बारावी होते तेव्हा ‘जवळच शिकलेले बरे’ असा निर्णय तिला न विचारता झालेला असतो. यादी एकाची असते, पण ती एकाच ताटातून वाढलेली असते. म्हणून वर्षाला किती रक्कम निघेल, हा आकडा यादीच्या आधी दोन्ही मुलांसमोर उच्चारावा. ‘अण्णा, वर्षाला किती चालतील?’ असे मुलीने विचारले तर तिला रोजमेळातल्यासारखे नेमके उत्तर मिळावे.

केवळ नमुन्यादाखल एक हिशेब. समजा घराने वर्षाला २ लाख रुपये ठरवले. एका शहरात शुल्क १ लाख २५ हजार आणि राहणे-जेवणे १ लाख १० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ३५ हजार आणि चार वर्षांचे ९ लाख ४० हजार. ठरलेल्या ८ लाखांवर १ लाख ४० हजारांची तूट. गावाजवळच्या संस्थेत शुल्क ९० हजार आणि वसतिगृह ६० हजार धरले तर चार वर्षांचे ६ लाख होतात आणि २ लाख धाकटीसाठी उरतात. खासगी संस्थांचे शुल्क दरवर्षी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते व प्रसिद्ध करते. तो आकडा पाहूनच खाते लिहावे.

सवलतींचे कागद हा या हिशेबाचाच भाग आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून खुल्या प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याच उत्पन्नमर्यादेत शिक्षण शुल्क माफीच्या जागा प्रत्येक शाखेत पाच टक्के असतात. त्यांचा संकेतांक वेगळा असल्याने त्या अर्जात स्वतंत्रपणे भराव्या लागतात, आणि त्यांचे कटऑफ सहसा अधिक उंच असते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागास यांसारख्या प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ते गेले. जैन अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी निम्म्याहून अधिक जागा असतात. मात्र काहींच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू-जैन’ असे लिहिलेले सापडते आणि धावपळ उडते. दाखला दहावीतच एकदा उघडून पाहावा.

साताऱ्यात थांबण्याचे कारण निराळे. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचे, १९१९ साली काले येथे लावलेल्या रोपट्याचे, हे प्रमुख ठिकाण. १९४७ मध्ये येथे सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाशी ‘कमवा आणि शिका’ ही योजना जोडलेली आहे. व्यापारी घरातील मुलाला हे शब्द परके वाटू नयेत. अभियांत्रिकीच्या यादीत मन नसलेला, आकड्यांत रमणारा मुलगा याच गाडीत बसलेला असतो. वाणिज्य पदवी आणि सोबत सीए हा मार्ग त्याला आपल्या जिल्ह्यातूनही चालता येतो. २०२३ च्या नव्या रचनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते.

खंबाटकी आणि कात्रज ओलांडून पुणे येते. संगमाजवळ १८५४ पासून चालत आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आता ते सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले आहे. तिकडे १८८५ चे फर्ग्युसन आणि १९४३ चे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. ज्याच्या पर्सेंटाइलला आणि खिशाला ती पेलतील त्याने ती यादीच्या माथ्यावर अवश्य लिहावीत. मात्र फर्ग्युसन रस्त्यावर फिरून झाल्यावर एक तास आसपासच्या गल्ल्यांत खोल्यांची भाडी आणि डब्यांचे दर विचारण्यात घालवावा. समाजाच्या वसतिगृहांची चौकशी त्याच दिवशी करावी. मुंबईत १९१५ साली स्थापन झालेल्या महावीर जैन विद्यालयाचे वसतिगृह पुण्यातही आहे. अशा ठिकाणी जागा मोजक्या असतात आणि त्यांचा अर्ज महाविद्यालयाच्या अर्जापासून स्वतंत्र असतो.

परतीच्या वाटेवर पसंतीचा क्रम लावायचा असतो. उंच नाव वर लिहिल्याने खालचे नाव हुकत नाही, कारण संगणक यादी वरून तपासत येतो आणि पर्सेंटाइलला बसणारी पहिली जागा देतो. म्हणून क्रम मिळण्याच्या शक्यतेवर ठरवू नये, मुलाच्या खऱ्या इच्छेवर ठरवावा. परंतु २०२५ साली चार फेऱ्या झाल्या तेव्हा पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही मिळाली की ती पक्की धरली जात होती. न परवडणारे नाव केवळ मानासाठी वर लिहिले आणि नेमके तेच मिळाले, तर पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. कऱ्हाडजवळ दिवस कलू लागतो, डबा उघडला जातो. मुलगी वहीत पहिल्या सहा नावांसमोर दोन रकाने आखते, एक पर्सेंटाइलचा आणि एक वर्षाच्या खर्चाचा. वडील दिवे लागण्याआधी दुसऱ्या रकान्यातील आकडे स्वतःच्या हाताने भरतात.