पाचरीचा काप

आंब्याच्या कलमाची पाचर एका ओढीत व्हावी लागते. डोळकाडीच्या, म्हणजे कलमासाठी मातृवृक्षावरून घेतलेल्या काडीच्या, बुडाशी पातं टेकवायचं, मनगट ताठ ठेवायचं आणि मुठीजवळची धार टोकाकडे सरकत जाईल असा हात ओढायचा. तीन-चार सेंटिमीटरचा सपाट उतार तयार होतो. काडी फिरवून दुसऱ्या बाजूनेही तसाच. दोन-तीनदा तासावं लागलं की पाचरीला पोट येतं. पोट आलेली पाचर खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, खाचेत बसते, पण तिची अंतर्साल खुंटाच्या अंतर्सालीला टेकत नाही. मधल्या फटीत पावसाचं पाणी शिरतं आणि आठवड्याभरात काडी काळी पडते. म्हणून धार किती टिकते हे विचारताना मी चाकू कापतो की नाही हे बघत नाही. उतरत्या धारेचा चाकूही काडी कापतोच, पण तो सपाट कापत नाही.

कोकणात पूर्वी भेट कलमं बांधत. खुंटाचं रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि जुळेपर्यंत वाट पाहायची. काम संथ होतं, दिवसाला काप थोडे पडत. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ आलं, आणि कोय कलमाची पद्धत तिथून वाड्यावाड्यांत पोचली. रुजून पंधरवडा न झालेलं, तांबूस पानांचं कोवळं रोप घ्यायचं, कोयीच्या वर चार बोटांवर छाटायचं, मधोमध खाच द्यायची आणि पाचर बसवून प्लास्टिकची पट्टी आवळायची. आता पावसाळ्याच्या त्या थोड्या आठवड्यांत एकेका हाताखालून ढिगाने काड्या जातात. शिवाय रोपाचा दांडा इतका कोवळा असतो की धार जराशी पडली तर तो कापला न जाता चेपतो, नाहीतर खाच हवी त्याहून खाली उकलत जाते. पद्धत बदलली आणि सगळा भार चाकूवर आला.

माझ्या काकांनी मला हे काम शिकवलं. ते मालवणीत एवढंच म्हणत, "काप साफ येवक व्हयो." धारेची परीक्षा ते मनगटावरच्या केसांवर किंवा कागदावर घेत नसत. नुकती केलेली पाचर उजेडाकडे तिरकी धरत. धार ताजी असेल तर कापलेला भाग ओलसर चकाकतो, त्यावर एकही रेघ नसते. धारेत बारीकसा दाता पडला असेल तर उतारावर लांबलचक ओरखडा दिसतो, आणि प्रत्येक पाचरीवर तो त्याच जागी दिसतो. सगळा पृष्ठभागच मळकट दिसला तर धार कडेला गोल झाली आहे, पेशी कापल्या न जाता दाबल्या गेल्या आहेत. अशी पाचर हवेत लवकर तपकिरी होते. आवाजही कळतो. ताज्या धारेचा काप मुका असतो, उतरलेल्या धारेला बारीक करकर येते. मी अजून याच खुणांवर चालते. याहून खरी परीक्षा मला माहीत नाही.

भाच्याने अमेरिकेहून एक भारी खिशातला चाकू आणून दिला. पात्यावर एस३०व्ही अशी खूण. हे पोलाद तिथल्या क्रूसिबल कंपनीने २००१च्या सुमारास आणलं. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. वितळलेलं पोलाद फवारून त्याची पूड करतात आणि ती पूड उष्णतेने व दाबाने पुन्हा एकजीव करतात, त्यामुळे एवढं व्हॅनेडियम घालूनही कार्बाइडचे कण बारीक राहतात आणि सारखे पसरतात. हे कण विलक्षण कठीण असतात. विकर्सच्या मापाने व्हॅनेडियम कार्बाइडचं काठिण्य २८००च्या आसपास जातं, तर ते कण ज्या पोलादात रुतलेले असतात त्याचं ७०० ते ८००. झिजेला आडवे येतात ते हे कण.

तो चाकू मी मनापासून वापरला आणि वापरते. खताच्या गोणी, सुंभ, पुठ्ठे, बांबूच्या कामट्या, पिशव्यांची तोंडं, सगळं तो कापतो, आणि पावसाळा संपला तरी धार लावायची आठवण होत नाही. पाचरीला मात्र तो सकाळपुरता. दुपारच्या जेवणाआधीच उतारावरची चकाकी गेलेली असते. याचं कारण पोलादाच्या दर्जात नाही, धारेच्या स्वभावात आहे. चांगल्या पाजवलेल्या धारेची कड एका मायक्रॉनच्याही आत असते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनांचा. एवढ्या बारीक कडेचा पहिला तजेला कोणत्याही पोलादाचा लवकरच जातो. भारी पोलादाचं मोठेपण त्यानंतर दिसतं. मधल्या दर्जाची, किंचित खरखरीत धार ते फार दिवस धरून ठेवतं. गोणीला तेवढं पुष्कळ होतं, कलमाला पुरत नाही.

धार टिकण्याचे जे आकडे सांगितले जातात त्यांतले बरेचसे शेफील्डच्या काट्रा या संस्थेच्या यंत्रावरून येतात. पातं धार वर करून बसवतात, त्यावर ठरावीक भाराने पुठ्ठ्याचा गठ्ठा पुढे-मागे फिरवतात आणि एकूण किती मिलिमीटर पुठ्ठा कापला ते मोजतात. त्या पुठ्ठ्यात ५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूची पूड, मुद्दाम मिसळलेली असते. चाचणी प्रामाणिक आहे, पण ती मोजते घासून होणारी झीज. धार वळणं, तुटणं, गंजणं तिच्या मोजमापात येत नाही. मला तिच्यातून एक गोष्ट मात्र कायमची मिळाली: धार झिजवायला त्या लोकांनी वाळू निवडली.

वाळूतल्या क्वार्ट्झचं काठिण्य ११००च्या आसपास असतं, म्हणजे पोलादाच्या मूळ अंगाहून जास्त. आणि पावसाळी रोपवाटिकेत वाळू कुठे नसते? पाऊस पिशवीतल्या मातीवर आपटतो, चिखल उडतो आणि खुंटाच्या बुंध्यावर, बरोबर आपण जिथे छाटणार तिथे, मातीचा पातळ लेप वाळून बसतो. आपण लाकूड कापतोय असं वाटतं. धार आधी रेती कापत असते. आमच्याकडे आता कलम बांधण्याआधी एकजण ओल्या फडक्याने खुंट पुसत पुढे जातो. डोळकाड्याही पुसूनच टोपलीत ठेवतो. एवढ्याने माझ्या चाकूची धार जितकी लांबली तितकी कोणत्याही महागड्या पात्याने लांबली नसती. चाकूवर पैसे घालण्याआधी एक फडकं घ्या, हे मी प्रत्येक नव्या कलम बांधणाऱ्याला सांगते.

दुसरा शत्रू चीक. आंब्याच्या काडीतलं टॅनिन लोखंडाशी मिळालं की पात्यावर निळसर काळा डाग चढतो. जुन्या काळी शाई याच मिश्रणातून होई. पात्याच्या अंगावरचा डाग निरुपद्रवी आहे, किंबहुना तो जुनाट काळेपणा मला आवडतो. पण तीच क्रिया मायक्रॉनभर कडेवर झाली की धार न कापताच जाते. काजूचा चीक तर आणखी जहाल, तो कातडीही जाळतो. खाऱ्या दमट हवेत साध्या कार्बन पोलादाचा चाकू रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी पुन्हा पाजवावाच लागतो. इथे क्रोमियमवालं पोलाद निर्विवाद सरस आहे. निर्जंतुक करायला पात्यावर ब्लीचचं पाणी वापरणाऱ्यांनीही जपावं, त्यातलं क्लोरीन चांगल्या न गंजणाऱ्या पोलादालाही खड्डे पाडतं. मी स्पिरिटचा बोळा वापरते आणि संध्याकाळी तेलाचा हात.

एवढं असूनही पाचरीसाठी माझ्या हातात असतो तो साध्या कार्बन पोलादाचा दुमडता कलमचाकू. स्वस्त तोही नाही. जर्मनीच्या रॉइटलिंगनमधल्या टीनाचे असे चाकू रोपवाटिकांच्या जगात नावाजलेले आहेत. त्याचं पातं एकाच बाजूने उतरतं घासलेलं असतं आणि दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला टेकते, म्हणून काप सरळ जातो. नेहमीच्या खिशातल्या चाकूची धार दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांत उतरते. ती लाकडात शिरताना पाचरीसारखी ढकलत जाते, आणि तिथे पोलाद कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. धार टिकण्यात कोनाचा वाटा पोलादाइतकाच मोठा आहे, ही गोष्ट विकत घेताना कुणी विचारत नाही. (डावखुऱ्या माणसाला चाकूही डावाच लागतो. आमच्याकडच्या एका मुलीला सगळे हाताने कच्ची समजत होते. डावा चाकू मिळाला आणि तिची कलमं सगळ्यांच्या बरोबरीने जगू लागली.)

कलमचाकूच्या साध्या कार्बन पोलादात मोठे कठीण कण जवळजवळ नसतात, त्यामुळे ते निसण्यावर लगेच उगाळलं जातं. उतरती बाजू दगडावर तिच्या कोनात फिरवायची, कडेला पोलादाची बारीक लव उलटून आलेली बोटाला लागली की थांबायचं. मग सपाट बाजू पूर्ण टेकवून एक हलका हात. इथे पातं केसभर जरी उचललं तरी सपाटी मोडते आणि चाकू पाचरीच्या कामातून जातो. शेवटी चामड्याचा पट्टा. लव नीट निघाली नाही तर तीच धार म्हणून कापते, तासभर अप्रतिम कापते, आणि मग एकदम दुमडून पडते. पोलाद हलकं निघालं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या चाकूवर मला बहुतेकदा ही लवच सापडते. नाहीतर कोरड्या एमरी चाकावर ठिणग्या उडवत घेतलेली धार. कडेला निळा रंग आला म्हणजे तिथली उष्णता ३०० अंशांच्या घरात गेली. पाणी देऊन मग दोनेकशे अंशांवर तापवून घेतलेल्या कार्बन पोलादाचं पाणी तिथेच उतरतं. तेवढा भाग दगडावर घासून काढल्याशिवाय त्या चाकूबद्दल काही बोलू नये.

एस३०व्हीला साधा निसणा पुरत नाही. व्हॅनेडियम कार्बाइड नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाहून कठीण, म्हणून हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते, आणि वेळही. घरी दिव्याखाली ते काम मी आवडीने करते. वाफ्यात, पायाशी चिखल आणि टोपलीत सुकत चाललेल्या काड्या असताना मला असा चाकू हवा जो पट्ट्यावर थोड्या हातांत पुन्हा पाचरीच्या लायकीचा होईल. चकाकी कमी झाली की मी लगेच पट्टा घेते, धार पडायची वाट पाहत नाही. असं केलं की दगडाची गरज दिवसाकाठी एखाद्या वेळीच पडते, आणि पातंही कमी झिजतं.

भारी चाकू घेऊ का, असं कलम शिकायला येणारी मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना पाचर करायला लावते आणि उजेडाकडे धरायला सांगते. मग चाकू काढून घेते, निसणा देते, आणि त्याच पात्यावर दुसरी पाचर करून दाखवायला सांगते. दोन्ही पाचरी शेजारी ठेवून ज्याला फरक दिसतो त्याने कलमचाकू घ्यावा, परवडेल तेवढा चांगला. गोणी-सुंभासाठी भारी पोलादाचा वेगळा ठेवावा. आणि एका चाकूचं काम दुसऱ्याला कधी सांगू नये, विशेषतः कलमचाकूने प्लास्टिकची पट्टी कापू नये. तिच्यावर चिकटलेली माती त्याच्या धारेला पुरते.