दात मोजले, चढ जिंकला

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं आणि जांबोटी मागे पडली, की हवा बदलते. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचं उगमस्थान. त्याच वाटेवर, रस्त्यापासून आत तांबड्या मातीच्या उतारावर आमचं शेत आहे.

तिथं माझ्या पंधरा वर्षांच्या पुतण्यानं पंपाच्या इंजिनावर बसकी, बारक्या चाकांची मिनीबाईक बनवली. ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही, शेतातच फिरवायची, आणि तीही हेल्मेट घालून, ही घरातली अट. पण पहिल्याच दिवशी विहिरीपासून माळाकडे जाणाऱ्या चढावर क्लचमधून धूर निघाला. गाडी मागं घसरली, पोराचं कोपर सोलवटलं. "उद्याच भंगारात घाल," दादा कडाडले. मी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

उद्यमबागेत लेथवर बसलेल्या अण्णांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "एष्टु हल्लु?" दात किती?

पुढं 10, मागं 60. म्हणजे इंजिनाचे सहा फेरे झाले की चाकाचा एक. मिनिटाला 3600 फेरे आणि 16 इंची चाक धरलं, तर सपाटीवर वेग ताशी 46 किलोमीटरच्या आसपास येतो. पोराला तेवढाच हवा होता! पण या गाडीला गिअर बदलायची सोय नाही. इंजिनानं पुरेसा वेग घेतला तरच क्लचमधली वजनं बाहेर फेकली जाऊन ड्रम घट्ट धरतात. चढावर इंजिन दमलं की पकड अर्धवट राहते, क्लच घासतो आणि जळतो.

अण्णांनी मागं 72 दातांचं चक्र सुचवलं. गुणोत्तर 7.2, वेग ताशी 38, ओढ मात्र वीस टक्क्यांनी जास्त. चेनच्या सहाएक कड्या वाढवाव्या लागल्या. "अजून मोठं बसवूया?" पुतण्यानं विचारलं. अण्णा हसले. चक्र फार मोठं झालं तर दगडावर आपटतं, आणि ओढ फार झाली तर ओल्या मातीत चाक जागीच फिरतं. पुढचे दात कमी करणं स्वस्त पडतं, पण फार लहान चक्रावर चेन लवकर झिजते. निघताना ते पोराला म्हणाले, "निधान, मगा."

रविवारी दादा हाताची घडी घालून बांधावर उभे होते. गाडी गुरगुरत, न थांबता माळावर चढली. क्लचला वास नाही की धूर नाही. पोरगा वरूनच ओरडला, "काका, सपाटीला जरा हळूच पळते ओ!"

दादा काही बोलले नाहीत. फक्त भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

कन्नडात निधान म्हणजे सावकाश, मराठीत निधान म्हणजे ठेवा. त्या चढावर मला दोन्ही अर्थ एकच वाटले.